दुर्बिणीतून पित्ताशय काढताना काय बिघडू शकतं? रुग्ण आणि नातेवाईक नेहमी विचारतात ते प्रश्न

पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं की घरात दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, "काही नाही हो, तीन-चार भोकं पाडतात, दुसऱ्या दिवशी घरी." दुसरं म्हणतं, "आमच्या पाहुण्यांपैकी एकाला त्यानंतर कावीळ झाली आणि वर्षभर दवाखाने फिरले." दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. मी सर्जन आहे. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी खाटेशेजारी बसून जे प्रश्न मला विचारले जातात, आणि जे विचारायला हवेत पण कुणी विचारत नाही, ते इथे एकत्र केले आहेत.

हे ऑपरेशन किरकोळ आहे का?

बाहेरून दिसणाऱ्या जखमा किरकोळ असतात, आतलं काम नाही. बेंबीजवळ एक आणि वरच्या पोटावर तीन अशी साधारण अर्धा ते एक सेंटिमीटरची छिद्रं पाडतात, पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करतात आणि दुर्बिणीच्या कॅमेऱ्यातून पडद्यावर बघत पित्ताशय यकृतापासून सोडवून बाहेर काढतात. पूर्ण भूल द्यावी लागते. बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात आणि त्यांचं सगळं व्यवस्थित होतं. मात्र ज्या जागी हे काम चालतं तिथे यकृताची रोहिणी, मुख्य पित्तनलिका आणि ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याची सुरुवात, बोटभर अंतरात असतात. म्हणून मी या ऑपरेशनला "छोटं" म्हणत नाही.

फक्त खडे काढून पिशवी ठेवता येत नाही का?

मूतखड्यामुळे हा प्रश्न येतो. मूतखडा फोडता येतो, भरपूर पाणी प्यायल्यावर लघवीवाटे पडतोही. पित्ताचा खडा तसा वागत नाही. तो पिशवीतून निसटला तर बारीक नलिकेतून मुख्य पित्तनलिकेत जातो आणि तिथे अडकून कावीळ किंवा स्वादुपिंडाची सूज करतो. खडे तयार करते ती पिशवी. ती ठेवली की खडे पुन्हा होतात. विरघळवण्याच्या गोळ्या फार थोड्या, निवडक रुग्णांत, महिनोन्‌महिने घेतल्यावर काम करतात आणि बंद केल्यावर खडे परत येऊ शकतात. "खडा पाडून देतो" म्हणणाऱ्याचं औषध घेण्यात पैसे जातात ते जातातच, शिवाय सूज वाढून पुढचं ऑपरेशन जास्त अवघड होतं.

मला पित्ताचा खूप त्रास आहे. पिशवी काढली की तो जाईल ना?

मराठीत "पित्त" हा शब्द आपण दोन गोष्टींसाठी वापरतो आणि त्यातून मोठा गोंधळ होतो. छातीत जळजळ, आंबट ढेकर, रिकाम्या पोटी मळमळ, डोकं उठणं, याला आपण "पित्त झालं" म्हणतो. तो बहुतेकदा जठरातल्या आम्लाचा त्रास असतो. पित्ताशयातलं पित्त वेगळं. ते यकृतात तयार होतं, पिशवीत साठतं आणि तेल-तूप पचवायला मदत करतं. पित्ताशयाचं दुखणं साधारणपणे जेवणानंतर, बऱ्याचदा रात्री, उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या मध्यभागी उठतं, पाठीकडे किंवा उजव्या खांद्याकडे जातं आणि अर्धा तास ते काही तास टिकतं.

तुमचा त्रास जळजळीचा असेल आणि सोनोग्राफीत सहज खडे दिसले असतील, तर पिशवी काढूनही जळजळ राहणार. "ऑपरेशन करूनही फरक नाही" अशी तक्रार मी ज्यांच्याकडून ऐकतो, त्यातल्या बऱ्याच जणांना हे आधी कुणी नीट सांगितलेलं नसतं. ऑपरेशन तांत्रिकदृष्ट्या उत्तम झालं तरी चुकीच्या कारणासाठी झालं असेल तर माझ्या मते तीही गुंतागुंतच.

मग काही त्रास नसताना सापडलेले खडे काढावेत का?

सहसा नाही. असे खडे असलेल्या शंभर लोकांपैकी वर्षाला एक-दोघांनाच त्रास सुरू होतो. काही अपवाद आहेत: खडा ३ सेंटिमीटरपेक्षा मोठा असणं, पित्ताशयात १ सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ म्हणजे पॉलिप असणं, पित्ताशयाच्या भिंतीत चुना साठणं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण हाही वेगळा विचार करण्याचा गट आहे. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार बराच आढळतो. त्यांच्या रक्तपेशी सतत फुटत असल्याने कमी वयातच काळे खडे होतात, आणि पोटदुखी खड्याची की सिकलसेलची हे ओळखणं कठीण जातं. त्यांना भुलेच्या काळात पाणी, ऑक्सिजन आणि शरीराची ऊब सांभाळावी लागते, म्हणून ऑपरेशन त्या आजाराची माहिती असलेल्या ठिकाणीच व्हायला हवं.

सगळ्यात गंभीर धोका कोणता?

मुख्य पित्तनलिकेला इजा. हे उत्तर मी थोडं विस्ताराने देतो, कारण बाकीचे बहुतेक धोके निस्तरता येतात आणि हा माणसाचं पुढचं आयुष्य बदलू शकतो.

यकृतातून पित्त घेऊन येणारी मुख्य पित्तनलिका साधारण ६ मिलिमीटर जाडीची असते. पित्ताशयाची स्वतःची बारीक नलिका तिला येऊन मिळते. ऑपरेशनमध्ये ही बारीक नलिका आणि पित्ताशयाची रोहिणी एवढ्या दोनच गोष्टी क्लिप लावून कापायच्या असतात. सूज, चिकटलेली चरबी, जुन्या दुखण्याचे व्रण असले की दोन्ही नलिका एका रेषेत ओढल्या जातात आणि मुख्य नलिकाच बारीक नलिका आहे असं भासतं. बहुतेक मोठ्या इजांचं कारण हेच असतं. हात थरथरला म्हणून ती होत नाही, ओळख चुकल्यामुळे होते. शिकाऊ डॉक्टरांकडून होते, तशी अनुभवी सर्जनकडूनही होते.

दुर्बिणीच्या ऑपरेशनांत ही इजा हजारात साधारण २ ते ५ जणांना होते. आकडा लहान आहे, पण हे ऑपरेशन इतक्या लोकांवर होतं की तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

ती टाळायची पद्धत माहीत आहे. अमेरिकेतले सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली तिचे निकष मांडले. पित्ताशय आणि यकृत यांच्यामधल्या त्रिकोणातली चरबी व तंतू पूर्ण साफ करायचे, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सुटा करायचा आणि मग पित्ताशयात दोनच, फक्त दोनच, गोष्टी शिरताना दिसल्या पाहिजेत. हे तिन्ही दिसल्याशिवाय काहीही कापायचं नाही. हे दृश्य दिसत नसेल तर कापू नये, मार्ग बदलावा. या विषयात मला सगळ्यात जास्त कळकळ आहे ती याच एका शिस्तीबद्दल.

दुर्बीण आल्यामुळेच हा धोका वाढला का?

सुरुवातीला वाढला, हे मान्य करायला हवं. पोट उघडून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख यांनी बर्लिनमध्ये १८८२ साली केली आणि पुढची शंभर वर्षं तीच पद्धत चालली. १९८५ साली जर्मनीत एरिख म्युहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. भारतात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी ही सुरुवात केली. पद्धत पसरली ती फार वेगाने, आणि शिकण्याच्या त्या वर्षांत पित्तनलिकेच्या इजा पूर्वीपेक्षा जास्त झाल्या. उघड्या ऑपरेशनमध्ये त्यांचं प्रमाण हजारात एक-दोन मानलं जायचं. दुसरीकडे, जखमेतला जंतुसंसर्ग, मोठे हर्निया, खोलवर श्वास घेता न आल्याने होणारा न्यूमोनिया आणि आठवडाभराचं अंथरूण, हे सगळं दुर्बिणीमुळे खूप कमी झालं. सगळं जमेला धरलं तर आज बहुतेक रुग्णांसाठी दुर्बीणच चांगली.

"पोट उघडावं लागलं" असं सर्जनने बाहेर येऊन सांगितलं, म्हणजे काहीतरी चुकलं का?

नाही. उलट बऱ्याचदा काहीतरी चुकू नये म्हणूनच तो निर्णय घेतलेला असतो. संमतीपत्रावर "गरज पडल्यास ओपन" अशी ओळ असते, ती वाचून, विचारून मगच सही करा. ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये शंभरात पाचच्या आसपास लोकांना याची गरज पडते. तीव्र सूज असेल, वय जास्त असेल, रुग्ण पुरुष असेल, मधुमेह जुना असेल किंवा पूर्वी वरच्या पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल तर शक्यता वाढते.

नातेवाइकांचा चेहरा त्या क्षणी पडतो. "पैसे दुर्बिणीचे घेतले आणि कापलं मोठं" असंही बोललं जातं. या बोलण्याचं दडपण सर्जनवर येतं, आणि त्या दडपणाखाली "अजून थोडा प्रयत्न करू" असं वाटणं रुग्णासाठी धोक्याचं असतं. म्हणून आदल्या दिवशीच सर्जनला सांगून ठेवा: "डॉक्टर, उघडावं लागलं तर उघडा, आमची तक्रार नाही." या एका वाक्याने त्यांच्यावरचा ताण कमी होतो.

रिपोर्टमध्ये लिहिलंय की पित्ताशय पूर्ण काढलं नाही. असं कसं?

खूप चिकटलेल्या पित्ताशयात मुख्य नलिकेजवळचा भाग सोडून बाकीचा काढणं हा सुरक्षित मार्ग असतो. खडे सगळे काढतात, उरलेला भाग शिवतात किंवा तसाच ठेवून नळी टाकतात. नंतर काही दिवस पित्त गळू शकतं आणि उरलेल्या भागात पुढे क्वचित पुन्हा खडे होऊ शकतात. मुख्य नलिका कापली जाण्यापेक्षा हे कितीतरी बरं. हा कागद मात्र जपून ठेवा, दहा वर्षांनी पोट दुखलं तर नव्या डॉक्टरला तो लागेल.

पित्त गळतं म्हणजे काय होतं?

पित्ताशयाच्या नलिकेवरची क्लिप सैल झाली, किंवा यकृताच्या पृष्ठभागावरची एखादी सूक्ष्म नलिका उघडी राहिली, तर पित्त पोटात झिरपतं. शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी रुग्णांत हे होतं. ते फसवं असतं. सुरुवातीला असह्य वेदना नसतातही. माणूस नुसतं "बरं वाटत नाही" म्हणतो, पोट फुगलेलं असतं, जेवण नको वाटतं, अंगात कणकण असते. घरचे म्हणतात गॅस झाला असेल, मेडिकलमधून गॅसची गोळी येते, आणि दोन दिवस निघून जातात.

वेळेत कळलं तर बहुतेक गळती पुन्हा पोट न उघडता थांबवता येते. साठलेलं पित्त सोनोग्राफीखाली नळी टाकून बाहेर काढतात आणि तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, बसवतात, म्हणजे पित्ताला आतड्याकडे जायला सोपी वाट मिळते. या प्रक्रियेला ईआरसीपी म्हणतात. तो स्टेंट काही आठवड्यांनी काढायचा असतो. तारीख लिहून घ्या. विसरलेला स्टेंट तुंबतो आणि त्यातून जंतुसंसर्ग होतो.

पिशवी काढली, तरी खडा राहू शकतो?

हो, मुख्य नलिकेत. आधीच घसरलेला एखादा खडा सोनोग्राफीत दिसत नाही आणि काही दिवसांनी, महिन्यांनी, कधी वर्षांनी त्रास देतो. म्हणून ऑपरेशनपूर्वी यकृताच्या रक्ततपासण्या बिघडलेल्या असतील, नलिका रुंद दिसत असेल किंवा पूर्वी कावीळ, स्वादुपिंडाची सूज झाली असेल तर एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, करायला सांगतात. तो खर्च टाळू नका. राहिलेला खडा ईआरसीपीने काढता येतो. त्या प्रक्रियेचेही धोके आहेत, मुख्य म्हणजे स्वादुपिंडाला येणारी सूज.

ऑपरेशननंतर डोळे पिवळे दिसतायत. गावात काविळीचं औषध चांगलं मिळतं, ते दिलं तर?

कृपा करून देऊ नका. आपल्याकडे कावीळ म्हटली की झाडपाल्याचा रस, गळ्यात माळ, हातावरून काढलेलं पिवळं पाणी, असे उपाय जवळपास प्रत्येक तालुक्यात आहेत. विषाणूमुळे झालेली साधी कावीळ बहुतेकदा आपोआप बरी होते, त्याचं श्रेय माळेला जातं आणि विश्वास टिकून राहतो. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतरची कावीळ वेगळी. तिचा अर्थ असा की पित्ताची वाट कुठेतरी अडली आहे: खड्याने, चुकून लागलेल्या क्लिपने किंवा इजेमुळे. ही अडचण यंत्रासारखी आहे, ती कुठल्याही रसाने सुटत नाही.

माझ्याकडे एका बाईंना त्यांच्या मुलाने ऑपरेशननंतर पाचव्या आठवड्यात आणलं होतं. ऑपरेशन दुसरीकडे झालं होतं. दहाव्या दिवशी डोळे पिवळे झाले, तीन आठवडे माळ आणि पथ्य चाललं. आल्या तेव्हा थंडी वाजून ताप होता आणि अंगाला खाज सुटून ओरखडे पडले होते. त्या वाचल्या. पण तीन आठवड्यांपूर्वी जे सोपं होतं, ते आता लांबचं आणि अवघड झालं होतं.

नलिकेला इजा झालीच, तर पुढे काय?

निम्म्याहून जास्त वेळा इजा ऑपरेशन टेबलवर लक्षात येत नाही, नंतरच्या दिवसांत कळते. लक्षात आली की सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असतो, दुरुस्ती कोण करणार. यकृत आणि पित्तमार्गाच्या शस्त्रक्रियांमध्ये तरबेज असलेल्या पथकाने केलेल्या दुरुस्तीचे निकाल चांगले असतात. जिथे इजा झाली तिथेच घाईने केलेली दुरुस्ती पुढे आकसण्याची भीती जास्त. मोठ्या इजेत आतड्याचा एक भाग वर आणून तो थेट यकृतातून येणाऱ्या नलिकेला जोडतात. त्यानंतरही वर्षानुवर्षं तपासण्या लागतात, कारण जोड अरुंद झाला तर वारंवार ताप आणि कावीळ येते.

ज्या सर्जनच्या हातून इजा झाली, त्यांनी ती रुग्णाला स्पष्ट सांगावी, गळणारं पित्त बाहेर काढण्याची सोय करावी आणि लगेच मोठ्या केंद्राकडे पाठवावं. हे सांगणं सोपं नसतं, हे मला ठाऊक आहे. पण लपवण्यात गेलेल्या प्रत्येक दिवसाची किंमत रुग्ण मोजतो. नातेवाइकांनो, राग येणं स्वाभाविक आहे, तरी आधी रुग्णाला योग्य जागी हलवा. ऑपरेशनची नोंद, व्हिडिओ असेल तर तो, आणि सगळे रिपोर्ट सोबत घ्या.

रक्तस्राव किंवा आतड्याला इजा होते का?

होऊ शकते, पण फार कमी. पहिलं छिद्र पाडताना आत काय आहे ते दिसत नसतं, तेव्हा हा धोका सगळ्यात जास्त. पूर्वी पोटाचं ऑपरेशन झालं असेल, अगदी सिझेरियन किंवा जुनं कुटुंबनियोजनाचंही, तर नक्की सांगा. आतडं व्रणाला चिकटलेलं असू शकतं आणि मग सर्जन आत शिरायची जागा किंवा पद्धत बदलतात.

पोट सोडून खांदाच दुखतोय. हृदयाचं तर नाही ना?

बहुधा नाही. पोटात भरलेल्या वायूमुळे श्वासपटल ताणलं जातं, आणि त्याच्या मज्जातंतूचं दुखणं मेंदूला खांद्यात जाणवतं. दोन-तीन दिवसांत जातं. उठून चाललं की बरं वाटतं. छातीत दाब, घाम किंवा दम लागत असेल तर मात्र वाट पाहू नका.

जखम भरली होती, महिन्याभराने तिथून पाणी येऊ लागलं. हे काय?

हा आपल्या देशातला खास महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्यावर पुरेसं बोललं जात नाही. साधा जंतुसंसर्ग पहिल्या आठवड्यात होतो, जखम लाल होते, पू येतो, ड्रेसिंग आणि औषधांनी बरी होते. पण तीन-चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, बेंबीजवळच्या भरलेल्या जखमेत गाठ येते, ती फुटते, पाण्यासारखा स्राव येत राहतो आणि नेहमीच्या अँटिबायोटिकने थांबत नाही. अशा वेळी क्षयाच्या जंतूच्या कुळातले, पण क्षय न करणारे जंतू असण्याची शंका घ्यावी लागते. ते पाण्यात राहतात. दुर्बिणीच्या उपकरणांचे सांधे नीट न उघडता, न घासता, नुसतं रसायनात थोडा वेळ बुडवून, नळाच्या पाण्याने विसळून पुढच्या रुग्णाला वापरली की ते जखमेत शिरतात.

अनेकदा याला क्षय समजून क्षयाच्या गोळ्या सुरू होतात आणि महिने वाया जातात, कारण यातले बरेच जंतू त्या गोळ्यांना दाद देत नाहीत. स्राव किंवा गाठीचा तुकडा कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, पाठवावा, त्यात या जंतूंची चाचणी स्पष्ट लिहून मागावी. उपचार क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या औषधांनी काही महिने चालतात आणि कधी तो भाग कापून काढावा लागतो. जीवावर बेतत नाही, पण माणूस मेटाकुटीला येतो. आणि हे टाळणं संपूर्णपणे रुग्णालयाच्या हातात आहे. उपकरणं ऑटोक्लेव्ह होतात का, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केली जातात का, हे विचारायला संकोच करू नका.

भुलेचा धोका किती? माझ्या चालू गोळ्यांचं काय?

तब्येत चांगली असलेल्या माणसाला या ऑपरेशनमध्ये जीवाचा धोका हजारात एक किंवा त्याहून कमी मानला जातो. वय, हृदयविकार, यकृताचा सिरॉसिस, अंगात भिनलेली सूज, यांनी तो वाढतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका, विशेषतः हृदयात स्टेंट असेल तर. कुठली, किती दिवस आधी थांबवायची हे हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन मिळून ठरवतात. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेत असाल तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. या गोळ्या साधारण ३ दिवस आधी थांबवतात, नाहीतर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. तंबाखू, मिसरी, दारू, काहीही लपवू नका. आदल्या रात्रीनंतर काही खाल्लं असेल तर तेही सांगा. भूल देताना पोटातलं अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका खरा आहे.

पित्ताशय सुजलेलं असताना ऑपरेशन करावं की सहा आठवडे थांबावं?

पूर्वी थांबण्याचा सल्ला सर्रास दिला जायचा. आता दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्या काही दिवसांत, शक्यतो ७२ तासांत आणि जास्तीत जास्त आठवड्याभरात ऑपरेशन करणं बहुतेकांसाठी चांगलं मानतात. थांबलेल्या काळात दुखणं पुन्हा उठतं. रुग्ण फार आजारी असेल तर बाहेरून नळी टाकून पिशवी रिकामी करतात आणि ऑपरेशन पुढे ढकलतात. गरोदरपणातही गरज असेल तर ऑपरेशन करता येतं, त्यातल्या त्यात मधले तीन महिने सोयीचे.

ऑपरेशन करताना खडे पोटात सांडले असं कळलं. भीतीचं आहे का?

पिशवी फुटून खडे सांडणं नवं नाही. सापडतील तेवढे काढून पोट धुतात. एखादा राहिला तर बहुतेकदा काही होत नाही, क्वचित महिन्या-वर्षांनी तिथे गळू होतं. कार्डावर नोंद असावी, एवढं बघा.

पोटात क्लिपा राहतात. एमआरआय चालेल?

सहसा त्या टायटॅनियमच्या असतात, एमआरआयला अडचण येत नाही. तपासणीआधी सांगून ठेवावं.

खडे बाटलीत घालून दिले. पिशवीचं काय?

पिशवी फॉर्मालिनमध्ये घालून पॅथॉलॉजीला गेली पाहिजे. शंभरात एकापेक्षा कमी वेळा, पण अनपेक्षितपणे त्यात कर्करोग सापडतो. तो लवकरच्या टप्प्यावरच असेल तर एवढ्या ऑपरेशनने बरा होऊ शकतो, थोडा पुढे गेला असेल तर लगेच आणखी शस्त्रक्रिया लागते. पाचशे-हजार रुपये वाचवण्याची ही जागा नाही. रिपोर्ट स्वतः जाऊन आणा आणि सर्जनला दाखवा.

पिशवीशिवाय पचन होईल का? आयुष्यभर तेल-तूप बंद?

पित्त तयार करतं यकृत, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पिशवीत मावतं त्यातलं ३० ते ५० मिलिलिटर. ती गेल्यावर पित्त थेट आतड्यात जात राहतं. पहिले दोन-तीन आठवडे तळलेलं आणि तर्रीदार कमी खा, मग हळूहळू नेहमीचं जेवण. काही जणांना जेवल्याबरोबर शौचाला पळावं लागतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत थांबतं. थोड्यांचं टिकतं, त्यांना पित्ताम्ल बांधून ठेवणाऱ्या पावडरीने आराम पडतो. लाजून गप्प राहू नका, यावर औषध आहे.

कामाला कधी लागायचं? हर्नियाची भीती किती?

बसून करायचं काम आठ-दहा दिवसांत. पाण्याचा हंडा, गॅस सिलिंडर, खताची गोणी चार ते सहा आठवडे नाही. बेंबीजवळचं छिद्र मोठं असतं, तिथून पिशवी बाहेर ओढतात, आणि हर्निया झालाच तर बहुधा तिथेच. लठ्ठपणा, मधुमेह, जुनाट खोकला आणि बद्धकोष्ठता यांनी तो धोका वाढतो. घरातल्या बाईला "भोकंच तर आहेत" म्हणून चौथ्या दिवशी पाणी भरायला लावलेलं मी पाहिलं आहे. हे नातेवाइकांनी सांभाळायचं आहे.

ऑपरेशनआधी सर्जनला नेमकं काय विचारू?

तुमच्या हातून अशी ऑपरेशनं नियमित होतात का? कापण्याआधी नलिका नीट ओळखता आली नाही तर काय करता? उपकरणांचं निर्जंतुकीकरण कसं होतं? पिशवी तपासणीला जाईल ना? ईआरसीपी लागली तर कुठे पाठवाल? रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा? हे विचारल्याने चांगला सर्जन रागावत नाही. सरकारी योजनेतून करायचं असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे बसून काय काय समाविष्ट आहे तेही आधीच विचारून घ्या.

घरी गेल्यावर कुठल्या लक्षणांना लगेच परत यायचं?

डोळे किंवा लघवी गडद पिवळी होणं, शौचाचा रंग मातकट-पांढरा होणं, ताप किंवा थंडी वाजणं, पोट फुगत जाणं, उलट्या न थांबणं, जखमेतून हिरवट-पिवळं पाणी येणं, एका पायाला सूज येऊन पोटरी दुखणं, धाप लागणं, स्वस्थ पडलेलं असताना नाडी शंभराच्या वर राहणं. यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी या, रात्र असली तरी.

यादी लक्षात राहत नसेल तर रोज सकाळी रुग्णाला विचारा, "कालच्यापेक्षा बरं वाटतंय का?" दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा थोडा चांगला जायला हवा. तिसऱ्या दिवशी दुखणं दुसऱ्या दिवसापेक्षा जास्त असेल, तर फोनवर गोळी विचारू नका, रुग्णाला घेऊन या. तपासायला रक्ताच्या दोन चाचण्या आणि एक सोनोग्राफी लागते. काही निघालं नाही तर घरी जायचं. तुम्ही उगाच आलात असं मी कधीही म्हणणार नाही.